पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही: नाशिकमध्ये कॉलनीचं काम महापालिकेकडून करून घेताना

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेला दिव्याचा खांब सात महिने अंधारात होता. सात महिन्यांत व्हॉट्सॲप गटावर त्याचे पंचवीसेक फोटो पडले, दोन वाढदिवसांचे फलक त्याच्यावर लागले आणि उतरले, एका काकांनी त्याच्यावर चारोळीही केली. अर्ज मात्र कुणी दिला नव्हता. शेवटी खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून मी एका पानाचा अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, आणि नवव्या दिवशी दिवा लागला. त्या दिवसापासून कॉलनीची फाइल माझ्या गळ्यात पडली आहे.

त्या फाइलीतून जे शिकलो ते इथे लिहितो. राजकारणाचं ज्ञान यात फारसं नाही. पाणी, गटार, रस्ता, दिवा, घंटागाडी आणि कॉलनीचा मोकळा भूखंड, एवढाच संसार आहे.

आधी शहराची ठेवण

नाशिक महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ रोजी स्थापन झाली. नाशिक, नाशिक रोड-देवळाली आणि सातपूर अशा तीन नगरपालिका आणि आजूबाजूची वीसहून अधिक खेडी एकत्र करून हे शहर बांधलं गेलं. म्हणूनच आजही पाथर्डी, मखमलाबाद, आडगाव, चेहेडी इथला माणूस गावाला ‘गाव’ आणि जुन्या नाशकाला ‘नाशिक’ म्हणतो. कारभार सहा विभागांत वाटलेला आहे: पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिक रोड, सिडको म्हणजे नवीन नाशिक, आणि सातपूर. मुख्यालय शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. तो आकडा आता जुना झाला हे पाण्याच्या नळाला विचारा.

माणसंही अशीच एकत्र आलेली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे धुळे-जळगावकडून खानदेशी आली, मागोमाग उत्तर प्रदेश-बिहारची. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसनं आणि देवळालीला तोफखान्यानं देशभरची माणसं आणली. पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबं बांधकामाच्या निमित्तानं आली आणि शहराच्या कडेला राहिली. परक्यांना वसवणं या गावाला नवं नाही. महापालिकेचं मुख्यालय ज्या रस्त्यावर आहे त्या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा आणि शिक्षण दिलं होतं. त्यांच्यातले काही जण पुढे आफ्रिकेतल्या शोधमोहिमांत सामील झाले. पोच घ्यायला रांगेत उभं राहिलं की मला हे हमखास आठवतं. शरणपूर, शरण आलेल्यांचं गाव.

पायरी पहिली: दुखणं नेमकं कुणाच्या दारचं?

निम्मे अर्ज इथेच वाया जातात. चुकीच्या दारात दिलेला अर्ज कुणी फाडत नाही. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असा शेरा मारून तो परत येतो, आणि तोवर पावसाळा संपलेला असतो.

देवळाली कॅम्प महापालिकेत नाही, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे. भगूरला नगर परिषद आहे, ओझरलाही. एकलहऱ्याला ग्रामपंचायत. हद्दीवर घर असेल तर घरपट्टीची पावती काढून पाहा, वर कुणाचं नाव छापलंय तेच तुमचं दार. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्याला लागून असलेला समांतर रस्ता यांच्या तक्रारी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे जातात. खांबावरचा दिवा महापालिकेचा, पण घरात येणारी वीज महावितरणची. सिटीलिंक बस महापालिकेच्या परिवहन महामंडळाची (ती ८ जुलै २०२१ ला सुरू झाली), लालपरी एसटीची. सिडको हे मुळात राज्य सरकारचं नगरविकास महामंडळ. त्यानं इथे सहा गृहनिर्माण योजना बांधल्या, त्यामुळे त्या भागात ‘सिडकोत जाऊन सांगा’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. तिथली गटार, पाणी, रस्ता महापालिका बघते. सिडकोचा संबंध उरला तो घराच्या कराराशी आणि हस्तांतरणाशी.

आणखी एक घोळ नावांचा. महापालिकेचा ‘नाशिक पूर्व’ विभाग वेगळा आणि विधानसभेचा ‘नाशिक पूर्व’ मतदारसंघ वेगळा. पंचवटी महापालिकेत स्वतंत्र विभाग आहे, विधानसभेत मात्र नाशिक पूर्वमध्ये. सिडको-सातपूर विधानसभेला नाशिक पश्चिम. आमदारनिधीचा अर्ज आणि विभागीय कार्यालयाचा अर्ज एकाच मथळ्याखाली लिहिणारे मी पाहिलेत, आणि मीही एकदा लिहिलाय.

सगळ्यात चिवट प्रश्न आतल्या रस्त्याचा. लेआउटमधला रस्ता बिल्डरनं किंवा मूळ जमीनमालकानं महापालिकेकडे वर्ग केलेला नसेल, तर ‘खासगी रस्ता आहे, खर्च करता येत नाही’ असं उत्तर येतं. ते उत्तर कायद्याला धरून असू शकतं. म्हणून रस्त्यासाठी धावण्याआधी मंजूर लेआउटचा नकाशा आणि त्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. त्यावर अजून जुन्या मालकाचं नाव असेल तर पहिलं काम डांबराचं नाही, रस्ता वर्ग करून घेण्याचं आहे. आमचे यात दीड वर्ष गेले. आधी कळलं असतं तर ते वाचले असते.

पायरी दुसरी: बोलू नका, मोजा

‘पाणी येत नाही’ हे वाक्य कार्यालयात दिवसाला शंभर वेळा ऐकलं जातं. त्याऐवजी ‘गल्लीच्या पहिल्या घरी वीस लिटरची बादली दोन मिनिटांत भरते, शेवटच्या घरी अकरा मिनिटं लागतात’ असं म्हटलं की समोरचा अभियंता पेन हातात घेतो.

पाण्यासाठी आम्ही एक प्रयोग केला, तो कुणालाही जमेल. सलग दोन दिवस गल्लीतल्या सगळ्यांनी ठरवून नळाला थेट लावलेल्या मोटारी बंद ठेवल्या. (थेट मोटार लावणं नियमात बसत नाही, पण निम्म्या नाशकात ती आहे, हे लपवून काय होणार?) दोन्ही दिवस पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या घरात बादली भरायला लागणारा वेळ लिहिला. मोटारी बंद असताना शेवटच्या घरी पाणी नीट आलं तर रोग आपलाच. तरीही आलं नाही तर वाहिनीत गाळ, लहान व्यास किंवा अर्धवट उघडा व्हॉल्व. आमच्याकडे तिसरं निघालं. व्हॉल्वमनदादांशी आधीच नमस्कार-चमत्कार असता तर अर्जही लागला नसता. गंगापूर धरणाची टक्केवारी पेपरात रोज वाचणाऱ्याला आपल्या गल्लीचा व्हॉल्व कुठे आहे ते ठाऊक नसतं. तो शोधा. शहराला गंगापूर, मुकणे आणि दारणा या धरणांचं पाणी येतं. तुमचा भाग कुठल्या जलशुद्धीकरण केंद्रावर आणि कुठल्या जलकुंभावर आहे ते कळलं, तर पाणी बंद असल्याची बातमी आपल्यासाठी आहे की नाही हेही कळतं.

गढूळ किंवा वास येणारं पाणी असेल तर मोजमापात वेळ घालवू नका. त्याच दिवशी तोंडी आणि लेखी कळवा आणि नमुना तपासणीची मागणी करा. नळाचं पहिलं पाणी पारदर्शक बाटलीत भरून तारखेची चिठ्ठी लावून ठेवा.

कचऱ्याचं मोजमाप सोपं आहे. घंटागाडी ही नाशिकची जुनी ओळख, बाकीच्या शहरांनी ती इथून उचलली असं आपण कौतुकानं सांगतो. पंधरा दिवस गाडी किती वाजता आली आणि कुठल्या दिवशी आलीच नाही, एवढं दिनदर्शिकेवर लिहा. आमच्याकडे ते काम एका आजीकडे आहे. खिडकीतून त्यांची नजर कधी चुकत नाही.

दिव्यासाठी खांबाचा क्रमांक, गटारीसाठी चेंबर कुणाच्या घरासमोर आहे, खड्ड्यासाठी लांबी-रुंदी. फोटोत एखादी ओळखीची खूण येऊ द्या: दुकानाची पाटी, मंदिराचा कळस. नुसत्या खड्ड्याचा फोटो चंद्राचाही असू शकतो.

पायरी तिसरी: बैठक, आणि ती सगळ्यांची

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण कागदापेक्षा माणसं जमवणं अवघड.

पहिली चूक वेळेची होते. रविवारी सकाळी दहाला बैठक बोलावली की निवृत्त माणसं येतात आणि त्यांचंच ठरतं. अंबड-सातपूरला कामाला जाणाऱ्यांच्या तीन पाळ्या असतात. पहिली पाळीवाला दुपारी घरी येतो, रात्रपाळीवाला सकाळी झोपलेला असतो. आम्ही दोन बैठका घेतो, एक रविवारी संध्याकाळी सहाला आणि तीच पुन्हा बुधवारी रात्री नऊला. दुसऱ्या बैठकीत पहिलीचं इतिवृत्त वाचायचं, चर्चा नव्यानं सुरू करायची नाही.

दुसरी चूक: ‘फक्त मालकांनी यावं.’ आमच्याकडे निम्मी घरं भाड्यानं आहेत. भाडेकरूही तेच पाणी पितो, तोच खड्डा चुकवतो, आणि मतदार यादीत नाव असेल तर नगरसेवक त्याचाही आहे. पहिल्या वर्षी आम्ही भाडेकरूंना बोलावलं नाही. मग अर्जावर सह्या घ्यायला गेलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बिहारी कुटुंबातल्या वहिनी म्हणाल्या, “भाऊ, मीटिंगला बोलावलं नाही, सही कशी करू?” त्यांचं मराठी माझ्या हिंदीपेक्षा चांगलं होतं. तेव्हापासून बैठकीची सूचना मराठीत आणि हिंदीत जिन्याखाली लागते, आणि कुणाला ‘ते भय्ये’ म्हणून बोलायचं नाही असा एक अलिखित नियमही लागला. लिहिलेला नियम कुणी पाळला नसता.

तिसरी गोष्ट, पाण्याच्या आणि कचऱ्याच्या विषयावर बायकांना आधी बोलू द्या. नळ कधी येतो, किती वेळ येतो, कुणाच्या घरी मोटार गुपचूप चालते, हे त्यांना ठाऊक असतं. पुरुष मंडळी स्मार्ट सिटीवर भाषण करतात.

बैठकीत विषय एकच ठेवा. दहा मागण्यांचं निवेदन दिलं की दहा खात्यांत ते फिरतं आणि एकाही खात्याला ते आपलं वाटत नाही. आमचा संकेत असा: एका बैठकीत एक काम, दोन माणसं पाठपुराव्याला, आणि त्या दोघांतला एक जण कॉलनीतल्या वेगळ्या समाजाचा. खानदेशी आप्पा आणि वडाळ्याहून राहायला आलेले चाचा असे दोघे मिळून एकदा बांधकाम विभागात गेले. ही जोडी पाहून तिथल्या शिपायानं आधी त्यांनाच आत सोडलं. त्याला वाटलं, काहीतरी मोठं भांडण घेऊन आलेत.

सोसायटी, अपार्टमेंट आणि नुसती कॉलनी यांत फरक आहे, तोही समजून घ्या. नाशकात बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदवलेल्या आहेत, सहकारी सोसायटी म्हणून नाहीत. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिथे ठराव झाला की लेटरहेडवर अर्ज जातो. बंगल्यांच्या किंवा रो-हाउसच्या कॉलनीला असं काहीच नसतं. तिथे सह्यांचा कागद हाच ठराव. सहीपुढे घर क्रमांक लिहून घ्या, म्हणजे ‘या सह्या खऱ्या कशावरून’ हा प्रश्न येत नाही.

मोकळ्या भूखंडाची गोष्ट

मोठ्या लेआउटमध्ये साधारण दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. नाशकात तिला सगळे ‘ओपन स्पेस’च म्हणतात. कॉलनीतली निम्मी भांडणं तिच्यावर होतात, कारण क्रिकेट, गणपती, भीमजयंती, नवरात्र, छठ, लग्नाचा मांडव आणि चारचाकी गाड्या, सगळ्यांना तीच एक जागा दिसते.

आम्ही जानेवारीत एक कागद करतो. वर्षभराच्या तारखा, कोण जागा घेणार, किती दिवस, आणि झाडून कोण देणार. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मांडवाची परवानगी महापालिकेची, ध्वनिक्षेपकाची पोलीस ठाण्याची, हे दोन वेगळे कागद आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. वर्षातल्या मोजक्या दिवशी १२ पर्यंत सवलत मिळते, ते दिवस प्रशासन जाहीर करतं. हा नियम सगळ्यांना सारखा लावला तरच कुणालाही लावता येतो. पहिल्या वर्षी आपल्याच गणपतीचा आवाज दहाला बंद केला, तेव्हा पुढे इतरांना सांगायला तोंड उरलं.

जुन्या नाशकात रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद, उघडतात, पिढ्यान्पिढ्या गल्लीगल्लीचा मान ठरलेला आहे आणि रंग कुणी करायचा हेही. आमच्या कॉलनीला असला वारसा नाही, म्हणून तक्ता करावा लागतो.

भूखंडावर कुणी पत्रे ठोकायला लागलं, मग ते देवाच्या नावानं असो की व्यायामशाळेच्या, तर पहिल्या आठवड्यात लेखी कळवा. पत्र्याची भिंत झाली की प्रकरण मानापमानाचं होतं. झाडाच्या बाबतीतही तसंच. विनापरवाना तोड दिसली तर उद्यान विभाग, आणि परवानगीची नोटीस झाडावर लागली असेल तर दिलेल्या मुदतीतच हरकत लेखी द्यावी लागते. मुदतीनंतरचा हळहळीचा कागद कुणी वाचत नाही.

पायरी चौथी: अर्ज

किरकोळ कामाला आधी महापालिकेच्या ‘एनएमसी ई-कनेक्ट’ ॲपवर तक्रार टाका आणि तक्रार क्रमांक जपा. दिवा, कचरा, तुंबलेलं चेंबर यांना एवढं बऱ्याचदा पुरतं. नवी वाहिनी, रस्ता, पावसाळी गटार यांना कागद लागतो. आमचा एक अर्ज देतो, त्यातल्या जागा आपापल्या भरा.

प्रति, मा. विभागीय अधिकारी, (विभागाचं नाव), नाशिक महानगरपालिका.

विषय: (कॉलनी, सर्व्हे क्रमांक, प्रभाग क्रमांक) येथील घर क्र. १४ ते ३१ या गल्लीत अपुऱ्या दाबाने पाणीपुरवठा होत असल्याबाबत.

महोदय, वरील गल्लीत १८ कुटुंबे राहतात. दि. ___ व दि. ___ रोजी सर्व घरांतील मोटारी बंद ठेवून मोजणी केली असता २० लिटरची बादली भरण्यास घर क्र. १४ येथे २ मिनिटे व घर क्र. ३१ येथे ११ मिनिटे लागली. तक्ता सोबत जोडला आहे. ॲपवरील तक्रार क्रमांक ___. कृपया कनिष्ठ अभियंत्यांमार्फत सकाळी पाणी सुटण्याच्या वेळेत स्थळपाहणी करून केलेली कार्यवाही लेखी कळवावी. पाहणीच्या वेळी आमच्यातर्फे दोन रहिवासी उपस्थित राहतील.

बस. ‘वारंवार विनंती करूनही’, ‘तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ असलं काही नको. आंदोलन करायचंच असेल तर ते दुसऱ्या अर्जात. मागणी ‘कार्यवाही व्हावी’ अशी मोघम न करता ‘स्थळपाहणी करून लेखी कळवावे’ अशी ठेवा. पाहणी झाली की अहवाल होतो, आणि अहवाल झाला की फाइल जन्माला येते.

पायरी पाचवी: पोच, आणि फाइलीचा प्रवास

अर्जाच्या दोन प्रती न्या. आवक-जावक टेबलावर एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. “ठेवून जा, साहेब आले की देतो,” असं कितीही गोड आवाजात कुणी म्हटलं तरी उठायचं नाही. मी एका सरकारी कार्यालयात असा एकदा उठलो होतो. तीन आठवड्यांनी गेलो तर अर्जाचा मागमूस नव्हता, आणि मी तो दिलाच नव्हता असं मलाच पटायला लागलं.

पुढचा रस्ता असा. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो. मग प्राकलन, म्हणजे खर्चाचा अंदाज. मग तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश. प्रत्येक ठिकाणी फाइल झोपू शकते. म्हणून ‘आमचं काम कधी होणार?’ असं न विचारता ‘फाइल कुठल्या टेबलावर आहे आणि तिथून पुढे कुठे जाणार?’ असं विचारा. त्याला खरं उत्तर असतं. दर पंधरा दिवसांनी जा, त्याआधी नको. दर दोन दिवसांनी जाणाऱ्याला पाहून लोक मोबाइल कानाला लावतात.

वेळ साधणं हाही या पायरीचाच भाग. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यातच चालते. मोठं काम हवं असेल तर दिवाळीनंतर लगेच अर्ज विभागीय कार्यालयात असला पाहिजे. फेब्रुवारीत दिलेला अर्ज पुढच्याच्या पुढच्या वर्षाचा. पावसाळी गटारीची तक्रार पावसात करतात, पण काम उन्हाळ्यात होतं. पावसात फोटो काढा आणि ऑक्टोबरात अर्ज द्या. आणि सध्या २०२७ च्या सिंहस्थाची कामं शहरभर चालू आहेत, तेव्हा तुमचा रस्ता दुसऱ्या कुणी खोदला असेल तर ‘रस्ता पूर्ववत करून मिळावा’ असा वेगळा अर्ज द्या. त्याचा खर्च खोदणाऱ्याकडून घ्यायचा असतो.

पायरी सहावी: चार नगरसेवक, एक कॉलनी

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचा कारभार होता. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं. आता ३१ प्रभाग आणि १२२ नगरसेवक आहेत, बहुतेक प्रभागांत चार-चार. लोकांना वाटतं अ, ब, क, ड म्हणजे प्रभागाचे चार तुकडे. तसं नाही, चौघंही संपूर्ण प्रभागाचे. यातून ‘ते काम त्यांच्याकडे आहे’ अशी चेंडूफेक होते. उपाय एकच: एक पत्र, वर चौघांचीही नावं, आणि चौघांकडून वेगवेगळी पोच. एकाच पक्षाच्या नगरसेवकासोबत फोटो काढून गटावर टाकला की बाकीच्यांचं लक्ष त्या कामावरून उडतं, हे आम्ही अनुभवलंय.

नगरसेवकाकडून काय मागायचं? दिवा लावून द्या असं नको, ते काम कार्यालयाचं आहे. अंदाजपत्रकात कामाचं नाव यावं, प्रभाग समितीच्या बैठकीत विषय निघावा, अडलेल्या टेबलावर फोन जावा, हे मागा. कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे छोट्या भागातल्या मतदारांनी नगरसेवकासोबत बसून कामं सुचवायची. प्रत्यक्षात ती कुठे दिसत नाही. मागणी मात्र करता येते, आणि नव्या नगरसेवकांकडे ती आत्ताच केलेली बरी.

पायरी सातवी: अडलं तर

तीन किल्ल्या आहेत, एकाच कुलपाला तिन्ही लावू नका.

दाखला, नळजोडणी, मालमत्तेच्या नावात बदल अशा ठरलेल्या सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम लागतो. प्रत्येक सेवेची मुदत कार्यालयात लावलेली असते. मुदत टळली की पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. नुसतं ‘सेवा हक्काखाली अर्ज करतो’ म्हटलं तरी बऱ्याचदा गाडी हलते.

लोकशाही दिन, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायचा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. अर्ज पंधरा दिवस आधी, विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. सह्यांचं निवेदन परत येतं. म्हणून घर क्रमांक ३१ च्या मालकानं स्वतःच्या नळाची तक्रार घेऊन जायचं.

माहिती अधिकार सगळ्यात शेवटी. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत. उत्तराची मुदत ३० दिवस, नाही आलं तर २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. ‘काम का केलं नाही?’ असं विचारू नका, ‘का’ला माहिती मिळत नाही. कागद मागा: प्राकलनाची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, देयकाची प्रत. पानाला २ रुपये पडतात. याआधी एक साधा मार्ग करून पाहा. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अर्जाशिवाय अभिलेख पाहायला मिळतात. अनेकांना हे माहीत नसतं, कधी कधी टेबलापलीकडच्यांनाही. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा आणि आवाज खाली ठेवा.

पायरी आठवी: काम सुरू झाल्यावर

काम मंजूर झालं की लोक पेढे वाटतात आणि घरात जातात. खरं तर तेव्हाच खुर्ची टाकून बसायचं असतं. कार्यारंभ आदेशाची प्रत मिळवा. त्यात रस्त्याची लांबी, रुंदी, थरांची जाडी लिहिलेली असते. डांबर पडण्याआधी खालची खडी दाबली का, पावसाचं पाणी जायला उतार कुठल्या बाजूला ठेवला, चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीत आली का, एवढं तीन माणसांनी आळीपाळीनं पाहिलं तरी पुरे. आमचे एक निवृत्त फिटर काका टेप घेऊन उभे राहायचे. ठेकेदाराच्या माणसांना त्यांनी चहा पाजला आणि जाडीही मोजली, दोन्ही न चुकता. चूक दिसली तर मजुरांशी वाद नको. फोटो काढा आणि त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याला लेखी कळवा.

आणि शेवटचा कागद, जो कुणी मागत नाही: दोषदायित्व कालावधी किती आणि कधी संपतो. त्या मुदतीत रस्ता उखडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो, महापालिकेनं पुन्हा पैसे मोजायचे नसतात. मुदत संपायच्या दोन महिने आधी सगळ्या रस्त्यावरून चालत जा, खड्डे आणि भेगा टिपा आणि अर्ज द्या. आमच्या रस्त्याची ती तारीख मीटरच्या खोलीच्या दारावर ऑइल पेंटनं लिहून ठेवली आहे. खाली हिंदीतही.